पोळ्याचा करदोडा

पिंपळगाव रेणुकाई
२ ऑगस्ट १९९६

चि. सर्जा,
द्वारकाआक्काचा आशीर्वाद.

पत्राच्या तोंडाला 'इकडं समदं ठीक' लिहायची रीत हाये, पण आज माझ्याच्यानं लिहवत न्हाई. आपला कचरू गेला. मिरचीच्या बाजारात हमाली करायचा तो, तुझ्याच वयाचा. दारू सोडून त्याला दोन वर्षं झाल्ती. साऱ्या गावातल्या बाया त्याचं नाव घेऊन आपापल्या नवऱ्याला बोलायच्या. मी तुला त्याचंच सांगत आले. परवा बसल्या जागी रक्ताची उलटी झाली आन जालन्याला नेईस्तोवर खेळ खलास. डॉक्टर म्हणला, याचं लिव्हर कधीचंच गेलेलं होतं, यानं एकदा तरी तपासायचं होतं.

तव्हापासून माझा जीव थाऱ्यावर न्हाई. भाकरी टाकते तर तव्यावर करपून जाती. तुझे दाजी म्हणत्यात, 'तुझा भाऊ पाडव्यापासून पीत न्हाई, आता काहून रडतीस?' मी म्हणलं, कचरू तरी कुठं पीत होता!

तर सर्जा, माझं ऐक. औरंगाबादला जा. रक्त तपास, पोटाची सोनोग्राफी काढ. शहागडहून दारातून एस.टी. जाती, तुला काय पायी जायचंय? तुमच्या टायरच्या दुकानावर महेमूदभाईला बसव. पंधरा वर्षं पोटात ओतत आलास, आता एक दिवस त्या पोटाला दे. हिवाळ्यात कावीळ झाली तव्हा तू त्या काविळीची माळ घालणाऱ्याकडं गेल्तास. माळ लांबत गळ्यातून पोटावर उतरली म्हणून कावीळ उतरली म्हणलास. मला तव्हाच पटलं नव्हतं.

दुसरं, बदनापूरहून गिरिजाचं पत्र आलंय. ती म्हणती, हे पोळ्यापर्यंत शुद्धीवर राहिले तर मी नांदायला येते. तिथं आईजवळ राहून शेतीच्या संशोधन केंद्रावर रोजानं निंदायला जाती, स्वतःचं खाती. पोटी लेकरू न्हाई, तुझ्याकडं परत यायची तिला काही बळजबरी न्हाई. तरी येते म्हणती. एवढं ध्यानात ठेव.

करदोड्याला काळं सूत काढून ठेवलंय. पोळ्याच्या आत पाठवते.

तुझी
आक्का

*

शहागड
१४ ऑगस्ट १९९६

ती. आक्कास सर्जेरावचा दंडवत.

कचरूचं वाचून वाईट वाटलं. पण आक्का, तू तर मला आत्ताच तिरडीवर बांधून राह्यली! मी चांगला हाये. पाडव्यापासून थेंब न्हाई. महेमूदभाईला विचार, तो माझी साक्ष देईल. पहिले दोन महिने लई वंगाळ गेले, हात असे थरथरायचे की टायरचा नट धरता येत नव्हता. आता नट बराबर बसतो.

पण एका जागी बसवत न्हाई, हे खरं हाये. आधी संध्याकाळ झाली की ठरलेलं होतं, कुठं जायचं, कुणासंग बसायचं. आता संध्याकाळ आली की मी दुकानापासून गोदावरीच्या पुलापर्यंत जातो, तिथून माघारी, पुन्हा पुलापर्यंत. ट्रकवाले म्हणत्यात, 'सर्जेराव, काही हरवलं का?' मी म्हणतो, हा बाबा, हरवलंय. पाण्याकडं पाहत उभा राहतो आन कंटाळा आला की येऊन एखादं जुनं टायर उगीच उकलतो.

तपासणीचं म्हणतेस, तर इथल्या कंपाउंडरनं मला लिव्हरचं टॉनिक दिलंय. सकाळ-संध्याकाळ दोन चमचे, कडू जहर. त्यानं भूक लागती म्हणे. एवढं बास हाये. दारू बंद, टॉनिक चालू, मंग अजून काय पाहिजे?

आन खरं सांगू का, तुला म्हणून सांगतो. मला भ्या वाटतं. तपासलं आन खराब निघालं, तर मंग मी सोडली कशाला? ह्या रोजच्या येरझाऱ्या कशाला? डॉक्टरनं एकदा 'गेलं' म्हणलं, की मी तिथून निघून पहिल्या दारूच्या दुकानात जाऊन बसेल, मला माझं माहीत हाये. त्यापेक्षा न कळलेलं बरं. गिरिजा येऊ दे, मंग बघू.

करदोडा पाठव.

तुझा
सर्जा

*

पिंपळगाव रेणुकाई
३० ऑगस्ट १९९६

चि. सर्जा,

तुझं पत्र वाचलं आन आधी मनातल्या मनात तुझ्या कानाखाली एक वाजवली. मेल्या, 'न कळलेलं बरं' म्हणे! उंदीर पोत्यात शिरलाय का बघायचं सोडून पोत्याचं तोंड बांधून ठेवतोस व्हय? तू भितोस ते मला समजतं. मी पण भिते. पण मी भिते म्हणून तपास म्हणते, तू भितोस म्हणून नको म्हणतोस. दोघांतला शहाणा कोण ते तूच ठरव.

आन तो कंपाउंडर काय डॉक्टर लागून गेला? कडू असलं की औषध, असं थोडंच हाये.

पाकिटात करदोडा घातलाय. दरवर्षीचंच माप, जुन्या दोरीवर लावून वळलाय. पोळ्याला बैलांना नव्या वेसणी आन घरातल्या गड्यांना नवे करदोडे, ही आपल्या बाची रीत. बैल गेले, तू गाव सोडलं, तरी तुझा करदोडा मी चुकवला न्हाई. तू दरवर्षी एका ओळीचं कार्ड टाकतोस, 'करदोडा पुरला'. यंदा त्याच्यासंगं 'तपासून आलो' पण लिही. तेवढ्यानं माझ्या घशाखाली घास उतरेल.

आक्का

*

शहागड
१५ सप्टेंबर १९९६

ती. आक्कास दंडवत.

आक्का, यंदा गंमत झाली. करदोडा पुरला न्हाई!

पोळ्याला गोदावरीत अंघोळ करून आलो, तुझं पाकीट फोडलं, कमरेला लावला तर दोन्ही टोकं एकमेकांचं तोंड बघायला तयार न्हाईत. महेमूदभाई हसून हसून खाली बसला. शेवटी त्यानं दुकानातल्या सुतळीचा तुकडा मधी जोडून बांधून दिला. सदऱ्याचं खालचं बटण पण लागत न्हाई, पायजम्याची नाडी टोकाला आलीय. बघ, तू कचरूचं घेऊन बसलीस आन तुझा भाऊ इथं अंग धरून राह्यलाय! दारू सुटली की माणसाच्या अंगाला लागतं म्हणत्यात ते खोटं न्हाई.

आता लांब करदोडा वळ. आन गिरिजाला कळव, म्हणावं तुझा नवरा शेठ झाला.

तपासणीला गेलो न्हाई. आता गरज राहिली का, तूच सांग.

तुझा
सर्जा

*

पिंपळगाव रेणुकाई
२४ सप्टेंबर १९९६

चि. सर्जा,

माझ्या बाळा, तुझं पत्र मी तीनदा वाचलं आन चौथ्यांदा तुझ्या दाजीला वाचायला लावलं. लगोलग रेणुकामायला नारळ फोडला, गल्लीत साखर वाटली. शेजारची साळूबाई म्हणली, 'कशाची साखर?' मी म्हणलं, माझ्या भावाला करदोडा पुरंना! ती येड्यावानी बघत राहिली. तिला काय कळणार? तुझ्या बरगड्या मी मोजल्यात. मागच्या दिवाळीत तू आल्तास तव्हा तुझ्या पाठीला तेल लावताना माझा हात थांबला होता. त्या अंगावर मांस आलंय म्हणजे देव हाये.

तपासणीसाठी तुझ्या मागं लागले, माझंच चुकलं. कचरू तर शेवटी वाळून काडी झाल्ता. तुझं तसं न्हाई. आता राहू दे, उगीच औरंगाबादला खर्चा कशाला. तू दूध पी, तूप खा, हलकं काम कर.

नवा करदोडा पाठवते, चांगला एक वीत जास्त धरलाय. जुनाही फेकू नको, तो शकुनाचा हाये.

गिरिजाला कालच लिहिलं. म्हणलं, बाई, पोळा झाला, थेंब शिवला न्हाई आन असा भरलाय की करदोडा पुरंना. आता येऊन आपला संसार सांभाळ. ती येईल बघ.

तुझी
आक्का

*

शहागड
२ ऑक्टोबर १९९६

द्वारकाबहेनला महेमूद टायरवाल्याचा आदाब.

मी कधी तुम्हाला पत्र लिहिलं न्हाई. आज सर्जेरावला न सांगता लिहून राह्यलो. पोस्टात टाकीन तव्हाच माझं मन हलकं होईल.

तुम्ही साखर वाटली ते पत्र त्यानं मला वाचून दाखवलं. तो हसत होता. मी पण हसलो, पोळ्याच्या दिवशी पण मीच पहिला हसलो होतो, आन आता त्याच गोष्टीची मला शरम वाटून राह्यली. बहेन, त्यानं अंग धरलेलं न्हाई. फक्त पोट धरलंय. दंड बघा तर लाकडं झाल्यात. गाल आत गेलेत. पोट मात्र असं तट्ट हाये की खाली वाकून जॅक लावता येत न्हाई, मीच लावतो. पाय सुजतात. संध्याकाळी नडगीवर बोट दाबलं तर खड्डा पडतो आन तसाच राहतो. चपलेचा अंगठा तुटला, शिवला, पुन्हा तुटला. जेवायला बसला की चार घासांत पोट भरलं म्हणतो. डोळे पण पुन्हा पिवळट दिसतात, मी सांगितलं तर म्हणतो, 'आपल्या दुकानाचा बल्ब पिवळा हाये.'

तो पीत न्हाई. अल्लाची कसम घेऊन सांगतो, पाडव्यापासून त्यानं हात लावला न्हाई. म्हणूनच मला जास्त तकलीफ होती. पिणारा असता तर दोन शिव्या देऊन उचलून नेला असता. पण हा रोज पुलापर्यंत जाऊन सुका परत येतो, आन ह्याला काय सांगू की तुझं पोट बराबर न्हाई? मी दोनदा तोंड उघडलं. तो म्हणला, 'आक्का राहू दे म्हणली, तू कोण सांगणारा?'

आता तुम्हीच सांगा, जा म्हणून. तुमचं ऐकेल. जल्दी करा.

आपला
महेमूद

*

शहागड
९ ऑक्टोबर १९९६

आक्का,

मी गिरिजा. आशीर्वाद-बिशीर्वाद आज मागत न्हाई, कारण मला तुमचा राग आलाय.

तुमच्या पत्रावर विसंबून मी परवा इथं आले. आईनं नवं लुगडं दिलं, मी हरखून आले. हे दुकानाबाहेर उभे होते. लांबून पोट दिसलं आन मला पण क्षणभर तुमच्यासारखंच वाटलं, भरलेत. मग जवळ गेले. तोंड बघितलं. घरात आल्यावर म्हणलं, सदरा काढा. काढंनात. मी बटणं तोडून काढला. आक्का, त्या पोटावर निळ्या शिरा हायेत आन बेंबी बाहेर आलीय. कमरेला तुमचा लांब करदोडा रुतला होता. तो पण रुतला होता!

मी पिशवी उचलून स्टँडवर गेले. खोटं कशाला बोलू. म्हणलं, पंधरा वर्षं दारूची निस्तरली, आता दवाखान्याची मी काहून निस्तरू? जालन्याची गाडी लागली होती. मी चढले पण. मग खिडकीतून बघितलं तर हे मागं मागं आलेले, धापा टाकत, एक चप्पल हातात. 'थांब' म्हणाले न्हाईत. नुसतं म्हणाले, 'गिरिजे, मी प्यालो न्हाई गं.' मी उतरले. कंडक्टर माझ्यावर वरडला.

उद्या औरंगाबादला मोठ्या दवाखान्यात नेते. महेमूदभाई संगं हायेत. त्यांनी सांगितलं की त्यांनी तुम्हाला आधीच कळवलंय. तुम्ही पण या. पण आल्यावर रडू नका, नाहीतर मी तुम्हाला वापस पाठवीन.

गिरिजा

*

शहागड
१७ नोव्हेंबर १९९६

ती. आक्कास सर्जेरावचा दंडवत.

तू दवाखान्यातून गेलीस त्याला आता महिना होत आला. मिरचीचं कसं काय? आम्ही दिवाळीच्या आधी घरी आलो.

तू गेल्यावर त्यांनी पुन्हा एकदा सुई घालून पोटातलं पाणी काढलं. पिवळं, पातळ. तुझा लांब करदोडा नर्सनं कात्रीनं कापून टाकला. मोठ्या डॉक्टरनीबाईनं मला समोर बसवून समदं सांगितलं. म्हणाल्या, तुमचं लिव्हर आकसून टणक झालंय. दारूनं हळूहळू वाळवलं. जेवढं वाळलंय तेवढं आता माघारी येणार न्हाई. बाकी उरलंय त्याच्यावर तुम्ही जगू शकता, बरीच वर्षं जगू शकता, पण एक थेंब गेला तर मी जबाबदार न्हाई. मीठ बंद. पाणी उतरायच्या गोळ्या. दर तीन महिन्यांनी रक्त, सहा महिन्यांनी सोनोग्राफी. डाळ, अंडं, दूध बराबर खायचं, उपाशी झोपायचं न्हाई. आन दुखलं-खुपलं तर मनानं गोळी घ्यायची न्हाई, झाडपाल्याची पुडी तर बिलकुल न्हाई. ते कडू टॉनिक बघून त्या म्हणाल्या, हे पिऊन तुम्ही सहा महिने निवांत बसलात ना, तेच वाईट झालं. रोज सकाळी वजन करा म्हणाल्या. मी म्हणलो, बाई, आमच्याकडं ट्रक तोलायचा काटा हाये. त्या हसल्या न्हाईत.

आक्का, आता माझं ऐक. बिनमिठाची भाजी खाऊन बघितलीस कधी? गिरिजा पुढ्यात ठेवती आन उभी राहती, संपेपर्यंत हलत न्हाई. काल मी ताट ढकललं. पीत होतो तव्हासारखं फेकलं न्हाई, पण ढकललं. तिनं ते पुन्हा माझ्या पुढ्यात सरकवलं. ते मला लई लागलं.

मी म्हणलो होतो ना तुला, खराब निघालं तर मंग मी सोडली कशाला? ते रोज डोक्यात फिरून राह्यलंय. मीठ न्हाई, दारू न्हाई, लिव्हर तरी कुठं हाये? पुलावर जातो तर पलीकडच्या दारूच्या दुकानाचा दिवा दिसतो. आधी मी त्याच्याकडं बघत नव्हतो. आता बघतो. तिथला पोरगा मला ओळखतो, हात करतो.

मला एका जागी बसवत न्हाई आक्का. मी काय करू?

सर्जा

*

पिंपळगाव रेणुकाई
२४ नोव्हेंबर १९९६

चि. सर्जा,

तुझं पत्र आलं आन मी ताबडतोब उठून बिनमिठाची मेथीची भाजी केली. खाल्ली. थू! दोन घास गेले, तिसरा कुत्र्याला टाकला, त्यानं पण हुंगून सोडला. तू ते रोज खातोस म्हणजे तुझ्यात माझ्यापेक्षा दम हाये, हे मी आज कबूल करते. पुन्हा करणार न्हाई.

आता तुझ्या प्रश्नाचं. सोडली कशाला म्हणतोस? मुडद्या, तू सोडली म्हणून त्या बाईंना सुई घालायला जिवंत माणूस सापडला! मी निघायच्या आधी त्यांना एकटीनं गाठून विचारलं होतं. त्या म्हणाल्या, पाडव्याला सोडली नसती तर दसरा दिसला नसता. हे तुला सांगायचं मी ठेवून दिलं होतं, म्हणलं उगीच भ्यायचा. पण तू न भिता येडे विचार करतोस, तर भी.

कचरूनं पण सोडली होती, पण त्याला कोणी तपासायला लावलं न्हाई. तुला लावणारी मी होते आन मीच 'राहू दे' म्हणले. आपण दोघं येडेच सर्जा! माळ लांब झाली की बरं वाटलं, करदोडा तोकडा पडला तरी बरं वाटलं. दोऱ्यानं मापत बसलो. मला ती साखर आठवली की गल्लीत तोंड काढवत न्हाई. साळूबाईनं विचारलं, भाऊ कसा हाये? मी म्हणलं, सुजलाय. ती बिचारी रडली, तिनं साखर खाल्ली होती म्हणून.

त्या पोराला सांग, हात करू नको. न्हाईतर मी शहागडला येऊन त्याच्या दुकानासमोर बसते. तुला माहीत हाये, मी बसेन.

आन गिरिजाचं ताट पुन्हा ढकललंस तर मला बहीण म्हणू नको.

आक्का

*

शहागड
१६ फेब्रुवारी १९९७

ती. आक्कास गिरिजाचा नमस्कार.

ह्या वेळेला आशीर्वाद मागते. राग गेला. पुरता न्हाई, पण गेला.

हे पुन्हा दवाखान्यात जाऊन आले. तीन महिन्यांचं रक्त झालं. रक्त द्यायच्या आधी बसायला सांगितलं तर बसले न्हाईत, व्हरांड्यात खांबापासून खांबापर्यंत येरझाऱ्या. तिथला शिपाई म्हणाला, 'बाई, ह्यांना धरा, मला गरगरतंय.' रिपोर्ट बघून डॉक्टरनीबाई म्हणाल्या, कावीळ उतरतीय. पण पोटातलं पाणी अजून बाकी हाये, हलगर्जी नको.

वजनकाटा आपल्या घरी न्हाई. म्हणून मी माझी रीत काढलीय. तुमचा तो पोळ्याचा तोकडा करदोडा पेटीत होता. सुतळीचा तुकडा मी सोडवून टाकला. दर रविवारी सकाळी उपाशीपोटी ह्यांना अंगणात उभं करते आन करदोडा लावते. दोन टोकांच्या मधी किती बोटं रिकामी राहतात ते बघते. पहिल्या रविवारी माझी अख्खी वीत बसली होती. आता चार बोटं. एका रविवारी दोन बोटं वाढली, तव्हा मी घर झाडून बघितलं तर फडताळात लोणच्याची बरणी रिकामी. तशीच ह्यांना एस.टी.त घालून नेलं. गोळ्या बदलून दिल्या. डॉक्टरनीबाईंना करदोडा दाखवला. त्या म्हणाल्या, दोरीनं रोग कळत न्हाई, पण पाणी वाढलं की तुम्ही लगेच पळत येता, हे चांगलं हाये. रक्त आन सोनोग्राफी मात्र चुकवायची न्हाई.

अजून एक सांगायचं. संक्रांतीच्या दिवशी हे जेवायला आले न्हाईत. महेमूदभाईला विचारलं तर तो पुलाकडं बघायला लागला. मी गेले. पलीकडच्या दुकानात बाकड्यावर बसलेले, पुढ्यात भरलेला गिलास. मी दारात उभी राहिले. ह्यांनी माझ्याकडं बघितलं आन म्हणाले, 'कव्हाचा बसलोय. उचलावं वाटतं आन तुझी बोटं आठवतात.' मग उठले. पैसे त्या पोराला दिले, गिलास तसाच ठेवला. घरी येईस्तोवर मी पुढं आन हे मागं. घरी आल्यावर मी लई रडले आन मग बिनगुळाची तिळाची पोळी... न्हाई न्हाई, गूळ चालतो, गुळाचीच दिली. बघा माझं डोकं पण ठिकाणावर न्हाई.

खरं सांगते आक्का, मला रोज भ्या वाटतं. संध्याकाळी हे चप्पल घालायला लागले की मी हातातलं काम सोडते. कधी संपणार हे?

गिरिजा

*

पिंपळगाव रेणुकाई
१८ ऑगस्ट १९९७

चि. सर्जा आन गिरिजा,

दोघांना आशीर्वाद. गिरिजा, तुझं विचारणं मी अजून मनात घेऊन फिरते. कधी संपणार ते मला माहीत न्हाई बाई. मी पण पोस्टमन दिसला की हातातली मिरची टाकून उभी राहते.

पोळा आला. सूत काढून बसलेय आन हात चालंना. सर्जा, किती मापाचा वळू? आखूड वळला आन तुला पुरला न्हाई तर मला कळेल. लांब वळला तर मला अपशकुनावानी वाटतं. आजवर तू मला 'पुरला' लिहायचास तव्हा मी कधी विचारलं न्हाई, खरंच पुरला का, का आक्काला बरं वाटावं म्हणून लिहितोस. जुन्या दिवसांत तर तू पिऊन पडलेला असायचास आन कार्ड बराबर यायचं. म्हणून ह्या वेळेला सांगते, मला बरं वाटायला काही लिहू नको. जे हाये ते लिही. पाणी वाढलं असलं तरी लिही. मी वाचीन.

आक्का

*

शहागड
२ सप्टेंबर १९९७

ती. आक्कास सर्जेरावचा दंडवत.

काल पोळा झाला. तुझं पत्र आधीच आल्तं, पण पोळ्याआधी उत्तर द्यायचं धाडस झालं न्हाई.

जे हाये ते लिहितो. लिव्हर नवं झालं न्हाई. मागच्या आठवड्यात सोनोग्राफी झाली, ते तसंच आकसलेलं हाये. बाईंनी पुन्हा सांगितलं, तपासण्या जन्मभर. पायाला अजून कधी कधी सूज येती. मीठ न्हाईच. संध्याकाळी पुलापर्यंत जातो, अजून जातो, पण आता गिरिजा संगं असती आन ती लई जल्दी चालती, मलाच धाप लागती. दुकानात जॅक मी लावतो, महेमूदभाई बघत उभा राहतो. पिऊ वाटतं का? वाटतं. काल पण वाटलं.

तू नवा करदोडा वळू नको आक्का. काल सकाळी गोदावरीत अंघोळ केली, घरी आलो, अंगणात हात वर करून उभा राहिलो. गिरिजानं तोच जुना लावला, मागच्या पोळ्याचा, तू साखर वाटलेला. मी डोळे मिटून घेतले होते.

पुरला.

सर्जा

आक्का, हे खरं लिहितायत. करदोडा मीच बांधला. गाठ मारून वर माझी दोन बोटं आत जातात. आता बाजारात जाऊन साखर घ्या आन साळूबाईला पहिली द्या.
— गिरिजा